गातो ते ठीक, पण करतो काय?

संगीतशास्त्राच्या जुन्या ग्रंथांनी संगीताचे मार्गी आणि देशी असे दोन भाग पाडले, अलीकडच्या पुस्तकांनी शास्त्रीय आणि सुगम असे पाडले. परंतु मराठी मध्यमवर्गाने या दोन्ही वर्गीकरणांना हात न लावता आपले एक तिसरेच वर्गीकरण रूढ केले असून, व्यवहारात तेच सर्वांत काटेकोरपणे पाळले जाते. या वर्गीकरणानुसार, जे गाणे संपल्यावर ऐकणारे ‘छान गातो हो मुलगा’ असे म्हणतात ती हौस होय, आणि जे गाणे संपल्यावर तेच ऐकणारे ‘गातो ते ठीक, पण करतो काय?’ असे विचारतात तो पेशा होय. गळ्याची तयारी, रागाची शुद्धता, लयीची समज यांपैकी कशाचाही या भेदाशी संबंध नाही. गायक तोच, यमन तोच, बंदिशही तीच. गायक बँकेत नोकरीला असेल तर ते गाणे त्याचे जादा कर्तृत्व ठरते, आणि नसेल तर तेच गाणे त्याला नोकरी नसण्याचे कारण ठरते.

‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’पासून आला आहे आणि ‘पेशा’ फारसीतून. हिंदीत राहिलेल्या ‘हवस’ची संगत पुढे बिघडली व तिला वासनेचा अर्थ चिकटला, मराठीत आलेली हौस मात्र घरंदाज निघाली आणि मंगळागौर, डोहाळजेवण, साठीशांत अशा ठिकाणीच तिची ऊठबस राहिली. पेशाचे नशीब एवढे चांगले नव्हते. वकिली आणि वैद्यकी हे प्रतिष्ठित पेशे आहेत हे सर्वांना मान्य असले, तरी ‘गाण्याचा पेशा’ एवढे शब्द उच्चारताच बोलणाऱ्याचा आवाज आपोआप अर्ध्या पट्टीने खाली येतो. त्याची कारणे इतिहासात असून त्यांचा विचार पुढे येईल. ‘हौसेला मोल नसते’ ही म्हण मात्र येथेच लक्षात घेतली पाहिजे. तिचा रूढ अर्थ असा की हौसेखातर केलेल्या खर्चाचा हिशेब मांडू नये. संगीताच्या क्षेत्रात तिचा अधिक शब्दशः अर्थ घेतला जातो, तो असा की गाणाऱ्याला गाण्याची हौस आहे, हे एकदा सिद्ध झाले की त्याला मोल देण्याचे कारण उरत नाही.

हौसेचा आरंभ ज्या संस्थेत होतो तिला ‘क्लास’ म्हणतात. क्लास म्हणजे एखाद्या सोसायटीतील सदनिकेची बाहेरची खोली, जिच्या दाराशी पंधरा-वीस लहान चपला उलटसुलट पडलेल्या असतात आणि आत सतरंजीवर बसलेली मुले एका सुरात, म्हणजे प्रत्येकी एकेका सुरात, भूप म्हणत असतात. खिडकीत इलेक्ट्रॉनिक तंबोरा, म्हणजे तंबोऱ्याच्या चार तारांचा नाद विजेवर काढणारे जेवणाच्या डब्याएवढे खोके, घूं घूं करीत असते. बाई डाव्या हाताने पेटीचा भाता मारत उजव्या हाताने ‘काळी चार’ धरतात. काळी चार म्हणजे पेटीवरील चौथी काळी पट्टी, तिला षड्ज मानून सर्वांनी गायचे असते आणि ज्यांचा गळा त्या पट्टीत बसत नाही त्यांनी बाईंची नजर चुकवून नुसते तोंड हलवायचे असते. भूप हा पाच स्वरांचा राग असून त्यात मध्यम व निषाद वर्ज्य, म्हणजे निषिद्ध, आहेत. त्याचा समय रात्रीचा पहिला प्रहर सांगितलेला आहे आणि क्लास रविवारी सकाळी आठला भरतो, कारण मुलांच्या वेळा रागांवरून ठरत नसून पोहणे, चित्रकला आणि ॲबॅकस यांतून उरलेल्या फटींवरून ठरतात.

या क्लासचे ध्येय परीक्षा हे असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची शिडी प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद आणि अलंकार अशी चढत जाते. परीक्षेत राग गाऊन दाखवावा लागतो, त्याचे वादी-संवादी, म्हणजे मुख्य व त्याखालोखालचा स्वर, सांगावे लागतात आणि हातावर टाळी-खाली दाखवून तालाचे बोल दुगुनीत म्हणावे लागतात. दुगुन म्हणजे मूळच्या दुप्पट वेगाने म्हणणे, आणि सोळा मात्रांचा तीनताल दुगुनीत म्हणणारे दहा वर्षांचे मूल पाहिले असता त्याचे बोल, हात आणि डोळे ही तीन वाद्ये तीन वेगळ्या लयींत चालली असल्याचे आढळते. बाहेर बाकावर बसलेल्या आयांना मात्र याची चिंता नसते. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलेच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना काही वाढीव गुण मिळतात, ही बातमी प्रत्येक सोसायटीत पोचलेली असून, भूपाचा वादी स्वर गंधार आहे याहून ती अधिक जणींना पाठ आहे.

संगीताने एकाग्रता वाढते आणि एकाग्रतेने गणित सुधारते, अशी एक उपपत्ती पालकवर्गात मान्यता पावलेली आहे. उलट दिशेने तिचा वापर कोणी केलेला नाही. वास्तविक तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून नेमके समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची करामत, ही निव्वळ अंकगणिताची बाब आहे. तरी मुलाची तिहाई सुधारावी म्हणून त्याला गणिताच्या शिकवणीला घातले, असे एकही आईवडील महाराष्ट्रात सापडणार नाहीत.

तात्पर्य, प्रत्येक मुलाने गाणे शिकावे आणि कोणत्याही मुलाने गवई होऊ नये, हे येथील सांगीतिक धोरण आहे, आणि बव्हंशी ते यशस्वी झालेले आहे. वीस मुलांपैकी बहुतेकांची गाडी नववीच्या आसपास थांबते, पेटीवर इस्त्रीचे कपडे बसू लागतात आणि हौसेने मिरजेहून आणलेला तंबोरा गवसणीसह कपाटावर चढतो. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कपाटावरच्या तंबोऱ्याचे भौगोलिक स्थान त्याने बदललेले नाही.) अडचण विसाव्या मुलाची असते. ते मूल थांबत नाही. त्याला सूर लागतो, आणि लागला आहे हे त्याला कळते, ही त्याहून गंभीर बाब होय. त्याच्या पालकांच्या मनात आधी अभिमान, मग शंका आणि दहावीनंतर उघड भीती अशा क्रमाने भाव उमटत जातात, आणि शेवटी पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेला तोडगा बाहेर काढला जातो: ‘आधी हातात एक डिग्री असू दे, मग काय गायचे ते गा.’

हा तोडगा हास्यास्पद वाटला तरी त्याने काही वेळा फार मोठे गाणे जन्माला येऊ दिले, हे मान्य केले पाहिजे. डॉ. प्रभा अत्रे यांच्याजवळ विज्ञानाची आणि कायद्याची पदवी होती, डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी जीवरसायनशास्त्रात संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. या दोघींच्या गाण्याला त्या पदव्यांचा काय उपयोग झाला हे सांगणे कठीण असले, तरी नातेवाइकांना झाला असणार यात शंका नाही. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी तर लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे कारकुनी केली. मराठीत घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, असा फुकटच्या श्रमांसाठी वाक्प्रचार आहे. वसंतरावांनी तो बरोबर उलटा करून लष्कराच्या भाकरीवर घरचे गाणे वाढवले. पुढे नोकरी सोडल्यावर १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधील खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना घराघरांत पोचवले, आणि ज्या घरांत ते असे पोचले त्या घरांतूनही मुलांना आधी डिग्री घे असेच सांगितले जात राहिले. दाखला नोकरी सोडण्याचा असला तरी धडा नोकरी धरण्याचाच घ्यायचा, अशी ही वाचनपद्धती आहे.

विवाहाच्या बाजारात हा भेद अधिक स्वच्छ दिसतो. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात ‘गाणे येते का?’ हा प्रश्न दीर्घकाळ कांदेपोह्यांइतकाच अनिवार्य होता; येते असे उत्तर आल्यास ती जमेची बाजू मानली जाई, आणि लग्नानंतर ते गाणे देवघर व अंगाई यांच्या पलीकडे जाणार नाही, हे गृहीत धरले जाई. मुलांच्या बाबतीत आजही विवाहमंडळाच्या अर्जावर ‘व्यवसाय: संगणक अभियंता, छंद: गायन’ हे उत्तम स्थळ समजले जाते. हेच दोन शब्द एकमेकांच्या जागी घालून ‘व्यवसाय: गायन, छंद: संगणक अभियांत्रिकी’ असे लिहून पाहावे. माहिती तीच, पण अर्ज पुन्हा फायलीत जातो. अशा गायकाचे आकाशवाणीचे श्रेणीपत्र मात्र कधीकधी कामास येते. आकाशवाणी ध्वनिचाचणी घेऊन कलावंतांना ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा श्रेणी देते, आणि ‘मुलगा बी हाय आहे’ हे वाक्य मुलीच्या मामांना सरकारी वेतनश्रेणीसारखे ऐकू येत असल्यामुळे पुढील बोलणी काही काळ तरी सुरू राहतात.

पेशाविषयीचा हा संकोच आला कोठून, याचे उत्तर थट्टेत देता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे गाणे संस्थानिकांच्या दरबारातील उस्तादांचे आणि पिढीजात गाणाऱ्या स्त्रियांचे होते, आणि पांढरपेशा समाज त्याकडे जाऊन ऐकत असे, पण घरी आणीत नसे. गोव्याच्या कलावंत परंपरेतील स्त्रियांनी ते जिवापाड सांभाळले. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघी अल्लादियाखाँ साहेबांकडे कठोर मेहनत करून आपापल्या परीने शिखराला गेल्या. ज्या सद्गृहस्थांच्या घरी सुनेने मोठ्याने गुणगुणणेही वर्ज्य होते तेच अशा मैफलींत पहिल्या रांगेत बसून समेला मान डोलावीत. म्हणजे हौस आणि पेशा हा भेद मुळात गाण्याचा नव्हताच, तो कोणाच्या घरातले गाणे याचा होता, आणि ‘आमच्याकडे केवळ हौस म्हणून हो’ या वाक्यातील ‘केवळ’ या शब्दाचे सगळे वजन तेथून आलेले आहे. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेने तिकीट लावून सभ्यपणे जाहीर मैफली केल्या, तेव्हा कोठे हे वजन थोडे हलले. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर जगभरातील निवडक संगीताची तबकडी बसवली आहे आणि तीत केसरबाईंची भैरवी आहे. गाण्याचा पेशा अशा रीतीने सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर जाऊन पोचला, पण पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात अजून त्याला बसा म्हणायला कोणी उठलेले नाही.

हा संकोच मोडून काढण्याचे काम दोन विष्णूंनी केले, आणि त्यांपैकी एक हौशी होता तर दुसरा पेशेवर, हा योगायोग या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे वकील होते. त्यांनी मैफली गाजवल्या नाहीत आणि बिदागी घेतली नाही. ते देशभर हिंडले, उस्तादांकडून मिनतवारीने बंदिशी मिळवल्या, रागांची दहा थाटांत, म्हणजे दहा मूळ स्वरसप्तकांत, वर्गवारी केली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ चार भागांत मराठीतून, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात, लिहून काढली. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) हे कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचे पुत्र. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम झाली, आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडून गाणे दरबारातून शाळेत आणले. गवयाला समाजात ताठ मानेने उभे करणे, हे त्यांचे व्रत होते. पुढे मुंबईला विद्यालयाची मोठी इमारत उभी राहिली आणि कर्जापायी हातची गेली. एकाच ध्येयाला लागलेल्या या दोन माणसांच्या ताळेबंदाकडे पाहिले असता असे दिसते की हौशी माणसाने अभ्यासक्रम मागे ठेवला आणि पेशेवर माणसाने देणी. आणि पलुस्करांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांनी ज्या वर्षी मंडळ स्थापले त्या १९३१ सालापासून आजवर, मराठी मुले एका विष्णूच्या नावाने चाललेल्या परीक्षेला दुसऱ्या विष्णूचे दहा थाट पाठ करून बसतात.

आता पैशाचा विचार करणे भाग आहे, आणि संगीतातील पैशाला पैसा न म्हणण्याची रीत असल्याने आधी परिभाषा सांगितली पाहिजे. जुना शब्द ‘बिदागी’. निरोपाच्या वेळी द्यायची रक्कम ती बिदागी. रक्कम निघताना मिळेल एवढे या शब्दात अभिप्रेत आहे, कोणत्या खेपेला निघताना हे अभिप्रेत नाही. नवा शब्द ‘मानधन’. हा मान आणि धन यांचा समास असून दोहोंची बेरीज कायम ठेवण्याकडे आयोजकांचा कल असतो, त्यामुळे धन घटले की मान वाढतो आणि कलावंताला शाल, पुष्पगुच्छ, काचेचे स्मृतिचिन्ह आणि नारळ एवढे घेऊन रिक्षा शोधावी लागते. अन्य कोणत्याही नोकरीत नारळ देणे याचा अर्थ कामावरून काढणे असा होतो; गायकाला तो दर कार्यक्रमाच्या अखेरीस मिळतो. त्याच कार्यक्रमाच्या मंडपवाल्याला, ध्वनियंत्रणावाल्याला आणि बटाटेवड्यांच्या कंत्राटदाराला आगाऊ रक्कम पोचलेली असते, कारण मंडपवाला हौसेने मंडप घालत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. गायकाला मात्र ‘व्यासपीठ मिळतेय ना’ असे सांगता येते. व्यासपीठ म्हणजे त्याच मंडपवाल्याने भाड्याने दिलेल्या सहा फळ्या.

लग्नाच्या पंगतीत दंतवैद्य भेटला तर ‘आता आलाच आहात तर एखादा दात काढाच’ असा आग्रह त्याला होत नाही. गायकाला होतो, आणि त्याने घसा बसल्याचे सांगितले तर त्याला गर्व झाला असे ठरते. घसा बसण्याचा अधिकार हा खरे तर हौशी आणि व्यावसायिक यांच्यातील सर्वांत मोठा फरक मानावा लागेल. हौशी गायकाला सर्दी होते. व्यावसायिकाला होत नाही, त्याला ज्येष्ठमध, आले-मध, वाफारा आणि साथीदारांची ठरलेली बिदागी आठवते व तो गातो. गाणे नकोसे झाले की हौशी माणूस ते ठेवून देऊ शकतो, म्हणूनच ते त्याला कधी नकोसे होत नाही.

हा फरक दिवाळीत शिगेला पोचतो. महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत ‘दिवाळी पहाट’ नावाचा प्रकार इतका रुजला आहे की नरकचतुर्दशी आणि पाडवा या दिवशी व्यावसायिक गायक, तबलजी, पेटीवाला आणि बासरीवाला यांपैकी कोणीही स्वतःच्या घरी अभ्यंगस्नान केल्याचे ऐकिवात नाही. पहाटे साडेपाचच्या कार्यक्रमासाठी साडेतीनला उठायचे, त्या आधी आदल्या रात्री दुसऱ्या गावचा कार्यक्रम संपवून पोचायचे, थंडीने तबल्याची पुडी उतरली म्हणून हातोडी मारत बसायचे, आणि जो गळा सकाळी आठपर्यंत बोलायलाही तयार नसतो त्याने समोरच्या रेशमी साड्या व कडक झब्बे यांच्यासाठी भूपाळी गायची. श्रोते सुगंधी तेल-उटणे लावून आलेले असतात. मध्यंतरात त्यांना चकली आणि लाडू मिळतो. गायकाने चकली खाल्ली तर पुढचा अर्धा तास तिचे तिखट कण षड्जावर बसतात, म्हणून तो कोमट पाणी पितो आणि निवेदकाच्या विनोदावर हसतो. श्रोत्यांची सुट्टी हेच त्याचे काम असल्यामुळे गणेशोत्सव, कोजागरी, दिवाळी, पाडवा यांपैकी एकही सण त्याच्या वाट्याला बाकी राहत नाही. त्याच्या घरची दिवाळी साधारणतः तुळशीच्या लग्नाच्या सुमारास साजरी होते.

याच्या नेमकी उलट रचना कराओकेच्या कार्यक्रमांत आढळते. कराओके म्हणजे मूळ गाण्यातील गायकाचा आवाज वगळून उरलेल्या वाद्यमेळाच्या ध्वनिमुद्रणावर, ज्याला ‘ट्रॅक’ म्हणतात, आपला आवाज चढवून गाण्याची सोय. शहरांतील लहान नाट्यगृहांमध्ये आठवड्याच्या अखेरीस असे कार्यक्रम होतात. तिथे गाणाऱ्याला पैसे मिळत नसून गाणाराच वर्गणी भरतो, सोलोला एक दर आणि युगुलगीताला दुसरा. निवृत्त शाखाधिकारी, दंतवैद्य, सनदी लेखापाल, नातवंडे शाळेला लावून मोकळ्या झालेल्या आज्या असे सारे चकाकत्या जाकिटांत आणि जरीच्या काठांत येतात, हातातल्या टॅबवर शब्द वाचत रफी किंवा लता म्हणतात, आणि पट्टी चढली तर ध्वनियोजकाला डोळ्याने खूण करून ट्रॅक अर्ध्या सुराने उतरवून घेतात. प्रेक्षागृहात बसलेले असतात ते आपली पाळी येण्याची वाट पाहणारे अन्य गायक आणि प्रत्येकाचे दोन नातेवाईक, जे आपले गाणे झाले की पार्किंगचे कारण सांगून उठतात. या प्रकाराला नाके मुरडण्याची शास्त्रीय संगीतवाल्यांची रीत आहे. पण पदरचे पैसे मोडून, आठवडाभर आंघोळीच्या वेळी तालीम करून, हात थरथरत असताना रंगमंचावर उभी राहणारी साठीतली बाई ‘हौस’ या शब्दाचा जो अर्थ दाखवते तो कोणत्याही कोशात इतका स्पष्ट दिलेला नाही, आणि तिच्यावर हसणाऱ्याने आधी तितके पैसे मोजावेत, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे.

येथे विषयाचा मुख्य मुद्दा येतो, आणि तो असा की पेशेवर गायक मैफलींवर जगतो ही समजूतच चुकीची आहे. मोजके तारांकित कलावंत सोडले तर बहुतेकांच्या घरचे भाडे, मुलांची फी आणि तबल्याला शाई लावण्याचा खर्च शिकवण्यांतून निघतो. म्हणजे शाखाधिकारी ज्या बाईंकडे गळा बसवून घेतात त्या बाई पेशेवर असतात. ट्रॅक तयार करणारा मुलगा विशारद झालेला पेटीवाला असतो. आणि रविवारी सकाळी आठला रात्रीचा भूप सुरू असतो तो त्याच विसाव्या मुलाच्या घरात, जे थांबले नव्हते. ज्या एकोणीस जणांनी गाणे सोडले त्यांचीच मुले आता त्याच्याकडे येतात. संगीताचा पेशा म्हणजे व्यवहारतः इतरांची हौस नीट पुरवणे होय, आणि ज्या समाजाने त्याला ‘पण करतो काय?’ असे विचारले त्याच समाजाने दरमहा फी भरून त्याचे उत्तर तयार केले आहे.

हा व्यवहार आता समुद्रापारही पोचला आहे. अमेरिकेतील मराठी कुटुंबांची मुले संगणकाच्या पडद्यावरून पुण्यातल्या गुरूंकडे शिकतात, आणि रागसमयाच्या सिद्धांतापुढे त्यातून एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. पुण्यात सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात, उन्हाळ्यात, आदल्या दिवसाच्या संध्याकाळचे सहा झालेले असतात. गुरूच्या घरी भैरवाची वेळ असते आणि शिष्याच्या घरी यमन यायचा असतो. शुल्क भरणाऱ्याचे घड्याळ प्रमाण मानावे, असा निर्णय बहुतेक गुरूंनी घेतलेला असून, गल्लीत दूधवाला घंटी वाजवत असताना ते यमनाचा तीव्र मध्यम शिकवतात. आवाज पोचायला क्षणभर उशीर होत असल्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही. शिष्य समेवर येतो ती गुरूला एक मात्रा उशिरा ऐकू येते, आणि ही मात्रा शिष्याने खाल्ली की इंटरनेटने, याचा निवाडा गुरूला पोटातल्या पोटात करावा लागतो.

दिवाळी जवळ आली की गायकांच्या घरी फोन वाजू लागतात, आणि त्यांतले बरेचसे कार्यक्रम ठरवणाऱ्यांचे नसून ‘चार पास मिळतील का?’ असे विचारणाऱ्यांचे असतात. ज्यांची मुलगी क्लासला जाते त्या बाईंची यंदा एखादी पहाट असेल, तर वाचकांनी पास न मागता तिकीट काढावे, पुढची रांग मिळाली नाही तर मागे बसावे, आणि मध्यंतरात चकली हातात घेऊन त्यांना भेटायला जावे. फक्त तिथे ‘बाकी काय करता?’ असे विचारू नये.